आईचे चार डबे

आमच्या वडोदऱ्यात हल्ली मोठमोठी झगझगीत दुकाने ठिकठिकाणी झाली आहेत. आत गारवा असतो आणि साबणापासून साबुदाण्यापर्यंत सारे एकाच ठिकाणी मिळते. ऐंशी ओलांडलेल्या आमच्या आईचे मत विचाराल तर ते अगदीच प्रतिकूल नाही. "भाव छापलेला असतो, वजनात खोट नसते, घासाघीस करून घसा कोरडा होत नाही," असे ती म्हणते. मात्र पुढचे वाक्य ठरलेले: "पण तिथे चार मिरच्या वर माग पाहू!" खंडेराव मार्केटमागच्या बाजारात भाजीवाली तिला 'बा' म्हणते आणि न मागता कोथिंबिरीची काडी पिशवीत टाकते.

नव्याला भिणारी बाई ती नव्हे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, पण चार आण्यांचे पंचवीस, हा हिशेब तिनेच आपल्या आजीला समजावला. पुढे शेर जाऊन किलो आले. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या, तेव्हा बँकेच्या रांगेतही ती उभी राहिली.

तिचे दुखणे निराळे आहे. वडील कोवळ्या वयात दरबारच्या मैफलींत तंबोऱ्यावर बसत. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि पुढे शिकवण्यांवरच भिस्त राहिली. त्या बेभरवशाच्या मिळकतीत आईने संसार केला तो चार डब्यांच्या जोरावर: दूध, भाजी, वाणी आणि आला-गेला. डबा उचलला की महिना कसा निभेल ते तिच्या हाताला कळे. वाण्याच्या वहीतली उधारी दिवाळीच्या चोपडापूजनाआधी फिटलीच पाहिजे, हा तिचा दंडक.

मी शिष्यांना मात्रा बोटांवर मोजायला लावतो. यंत्रावर ठेका चालू असला तरी बोटे चालली पाहिजेत. नाहीतर सम येऊन जाते आणि पत्ताही लागत नाही. पैशाचेही तसेच आहे. माझी फी आता मोबाइलवरच येते आणि त्यात सोय आहे, हे नाकबूल कसे करू? पण हाताला न लागता आलेला पैसा हाताला न लागताच जातो.

मध्यंतरी एका मोठ्या दुकानात आईने नोट पुढे केली. गल्ल्यावरच्या मुलाने आधी तिचा फोन नंबर विचारला, मग सुटे नाहीत म्हणून चॉकलेटे पुढे केली. "मी तुला चॉकलेटे दिली तर घेशील का रे?" तिने विचारले. अखेर नातवाने फोनवरून पैसे भरले. घरी तिने त्याला नोट देऊ केली, तर "राहू दे गं आजी," म्हणाला, प्रेमानेच म्हणाला. रात्री ती मला म्हणाली, "जन्मभर या हाताने दिले. आता मागून घ्यायचे का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. उपाय मात्र साधे आहेत. नोटा आणि नाणी आजही कायदेशीर चलन आहेत. दहाच्या नाण्याविषयी तर रिझर्व्ह बँकेने वारंवार खुलासा केला आहे. दुकानदारांनी गल्ल्यात सुटे ठेवावे. आणि आपण घरोघरी एवढे करावे: महिन्याच्या पहिल्या तारखेला म्हाताऱ्या माणसाच्या हाती मोजून रोख द्यावी आणि तिचा हिशेब मागू नये. कुठून काय आणायचे, ते त्यांचे त्या ठरवतील.