मिश्र कुरण : अवर्षणातील आधार

पुणे, सातारा व सांगली जिल्ह्यांचा पूर्व भाग आणि सोलापूर जिल्हा हा पर्जन्यछायेचा मुलूख होय. येथे पाऊस थोडा व त्याचा भरवसाही थोडा. ज्वारी बुडाली की कडबा मिळत नाही आणि जनावरांची सारी मदार माळावरील गवतावर येऊन पडते. 1972 च्या दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरे विकण्याची पाळी कितीकांवर आली, हे जुन्या मंडळींना सांगावयास नको. म्हणून कुरणाची किंमत चांगल्या सालातील गंजीवरून न ठरविता, वाईट सालात ते किती गवत देते ह्यावरून ठरवावी.

अनेक गवते का हवीत ?

दख्खनच्या चांगल्या कुरणात शेडा, पवना, मारवेल, डोंगरी अशी बहुवर्षायू गवते व त्यांच्या जोडीला रानमुगासारख्या द्विदल वनस्पती आढळतात. ह्या सर्वांच्या गरजा सारख्या नसतात. काहींची मुळे वरच्या थरातच पसरतात व हलक्या सरीचा लाभ घेतात. काहींची खोल जाऊन मुरलेले पाणी शोधतात. काही जाती लवकर वाढतात, काही उशिरा. त्यामुळे पावसाने मध्येच ओढ दिली व एक जात मागे पडली, तरी दुसरी तिची उणीव काही अंशी भरून काढते. एकाच जातीच्या कुरणास हा आधार नसतो.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे गवताळ भूमीवर प्रयोग चालू असता 1988 साली मोठे अवर्षण पडले. मोजक्या जातींच्या वाफ्यांतील उत्पन्न फारच घटले. अनेक जातींच्या वाफ्यांत घट कमी झाली व ते लवकर सावरले. तो मुलूख आपल्याइतका कोरडा नाही. परंतु जगातील 224 कोरडवाहू ठिकाणांच्या पाहणीतही (2012) वनस्पतींच्या जाती जेथे अधिक, तेथे जमिनीतील कर्ब, नत्र व स्फुरद ह्यांचे चलनवलन अधिक चांगले असल्याचे दिसून आले.

जमिनीतील सृष्टी

माळाची मुरमाड जमीन निर्जीव दिसते, पण तशी नसते. द्विदलांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र बांधून ठेवतात. मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीचे सूक्ष्म तंतू मुळे पोहोचत नाहीत तेथून स्फुरद व ओलावा आणतात. शेणकिडे शेण जमिनीत पुरतात. वाळवी काडीकचरा कुजविण्यास हातभार लावते व तिच्या बिळांतून पाणी मुरते. गवताच्या जाती घटल्या म्हणजे ह्या जीवांचे अन्न घटते. आणि जीव घटले म्हणजे पाणी वाहून जाऊन उरलेली गवतेही दुबळी होतात.

ऱ्हासाची ओळख

दबडघाव व शंकरनारायण ह्यांच्या 1973 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भारतातील गवताळ प्रदेशांची व त्यांच्या ऱ्हासाची माहिती आहे. अतिचराईने प्रथम जनावरांना आवडणारी बहुवर्षायू गवते जातात व कुसळी बळावते. पुढे निकृष्ट एकवर्षायू गवते येतात. तरवडासारखी, जनावरे तोंड न लावणारी झुडपे वाढतात व शेवटी मुरूम उघडा पडतो. कुसळी फुलोऱ्यापूर्वी कापल्यास चारा होतो. नंतर तिची कुसळे जनावरांच्या तोंडास इजा करतात.

काय करावे ?

1. कुरणाचे तीन-चार भाग पाडून चराई आळीपाळीने करावी. दरवर्षी एक भाग बी पिकून गळेपर्यंत बंद ठेवावा.
2. गवत बुडापासून न छाटता चार बोटे राखून कापावे.
3. वणवा लावू नये. त्याने काडीकचरा जळतो व जमीन उघडी पडते.
4. संपूर्ण माळ नांगरून एकच गवत लावू नये. विरळ जागीच पावसाच्या आरंभी मारवेल व स्टायलो ह्यांचे बी मिसळून पेरावे.
5. युरियाचा भडिमार टाळावा. सततच्या नत्रामुळे थोड्याच जाती माजतात व इतर नाहीशा होतात.

मात्र जनावरांची संख्या कुरणाच्या ताकदीबाहेर गेली, तर कितीही विविधता असली तरी ती टिकणार नाही. गायरान गावाचे असल्याने चराईची पाळी एकट्याने पाळून भागत नाही; ती ग्रामसभेत ठरवावी.

दर भाद्रपदात ठरावीक जागी एक मीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यातील वनस्पतींच्या जाती मोजाव्यात व आकडा वहीत टिपून ठेवावा. तो वर्षानुवर्षे उतरू लागला, तर गंजी भरलेली असली तरी कुरण खालावत आहे असे समजावे.