विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि आमचीं शेतें

मृगाच्या पेरण्या आटोपून आषाढाची झड लागली कीं पुष्कळ गांवांतून एक पाहुणी मंडळी दिसूं लागते. एकसारखे सदरे, खांद्याला पिशव्या, हातांत वह्या, असे आठदहा तरुण ग्रामपंचायतीच्या ओसरीवर येऊन सरपंचांस नमस्कार करितात. आणि दुसऱ्या दिवशीं देवळापुढच्या पटांगणांत रांगोळीनें गांवाचा नकाशा काढून हा ओढा, ही पांढरी, हें बागायत, हें माळरान असें वडीलधाऱ्यांस विचारीत रंग भरूं लागतात. ह्यांतील मुलग्यांस कृषिदूत व मुलींस कृषिकन्या म्हणण्याचा प्रघात आतां सर्वत्र पडला आहे. कृषि महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यानें कांहीं आठवडे गांवांत राहून शेतकऱ्याबरोबर काम करावें, असा अभ्यासक्रमाचाच नियम आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली ह्या चारहि विद्यापीठांचे विद्यार्थी असे बाहेर पडतात.

आमच्या सभासदांपैकीं कित्येक विचारतात, कीं हीं मुलें छायाचित्रें काढून जातात, त्यांत आपल्या पदरांत काय पडतें? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचें उत्तर अगदींच 'कांहीं नाहीं' असें देतां येत नाहीं. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून उगवण तपासावी, सत्तरांहून कमी उगवले तर बियाण्याचें प्रमाण वाढवावें व फारच कमी उगवले तर बियाणेंच बदलावें, ही साधी गोष्ट आमच्या गांवांतील कित्येक घरांत ह्या मुलींनींच नेली. दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत भाताचें बीं टाकलें म्हणजे पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून खालचें वजनदार बीं दोनतीन वेळां स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत वाळवावें, हें भातपट्ट्यांतील पुष्कळांनीं प्रथम अशाच एखाद्या विद्यार्थ्याच्या हातून पाहिलें असेल. बोर्डो मिश्रण करितांना मोरचूद व कळीचा चुना निरनिराळ्या भांड्यांत भिजवावा, भांडें धातूचें नसावें, दोन्ही द्रावणें तिसऱ्या भांड्यांत एकदमच ओतावीं, आणि मग चकचकीत लोखंडी सुरीचें पातें त्यांत बुडवून पाहावें. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असें समजावें. असलें ज्ञान पुस्तकांत असतेंच. पण पात्यावरचा तो तांबूस थर डोळ्यांनीं पाहिलेला मनुष्य पुन्हा चूक करीत नाहीं.

आमची तक्रार निराळीच आहे. गांवांत येणारे विद्यार्थी केवळ कृषीचे नसतात. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं सुरू झाल्यापासून कला, वाणिज्य, शास्त्र अशा सर्व शाखांचीं मुलें हिवाळ्यांत सात दिवसांच्या शिबिरास येतात, वनराई बंधारे घालतात, रस्ते झाडतात. २०१४ सालीं निघालेल्या उन्नत भारत अभियानानें उच्च शिक्षणाच्या संस्थांस गांवें दत्तक घेण्यास सांगितलें, तेव्हांपासून अभियांत्रिकीचीं मुलेंहि येऊं लागलीं. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांची तपासणी असते, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची पाहणी असते. प्रत्येकाची वही निराळी, प्रत्येकाचे गुरुजी निराळे. एकाच शेतकऱ्यास वर्षांतून चार वेळां, घरांत माणसें किती, जमीन किती, कर्ज किती, हे प्रश्न विचारले जातात. चौथ्या वेळीं तो वैतागून वाटेल तें सांगतो, आणि तेंच कागदावर उतरतें! एका शाखेच्या मुलांस दुसऱ्या शाखेच्या मुलांनीं काय लिहून नेलें याची वार्ताहि नसते.

यापासून नुकसान होतें तें कसें, तें आमच्या शेजाऱ्यांच्या उदाहरणावरून सांगतों. त्यांनीं दोन एकर माळावर डाळिंब लावलें. माती पाहण्यास आलेल्या विद्यार्थ्यांनीं जमीन डाळिंबास योग्य म्हणून सांगितली, व तें खोटें नव्हतें. परंतु त्याच्या आदल्याच वर्षीं दुसऱ्या एका महाविद्यालयाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनीं त्याच शिवारांतील विहिरी दर महिन्यास मोजल्या होत्या, व ओढ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरी फाल्गुनांतच तळ गांठतात असें लिहून ठेविलें होतें. तो अहवाल इंग्रजींत होता व महाविद्यालयाच्या कपाटांत होता. आमच्या शेजाऱ्यांस त्याचा पत्ता लागला तो झाडें लावून झाल्यावर, चैत्रांत टँकरच्या खेपा मोजतांना. दोन्ही तुकड्यांचें काम चोख होतें. परंतु त्यांची एकमेकांशीं गांठ पडली नाहीं, आणि टँकरचे पैसे शेतकऱ्यानें भरले.

हें पाहून आम्हांस शंभर वर्षांपूर्वींच्या एका कामाची आठवण होते. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं सहकाऱ्यांस बरोबर घेऊन पिंपळें सौदागर ह्या गांवाची पाहणी केली, व ती १९१७ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली. मॅनसाहेब मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पण त्यांनीं केवळ माती तपासून काम संपविलें नाहीं. माती, पाणी, पिकें, खातेदारांचे जुने कागद, सावकाराचें देणें आणि कुटुंबाचा जमाखर्च हें सर्व एकाच गांवांत, एकाच वेळीं, एकाच दप्तरांत आणलें. त्यांतून जें दिसलें तें कोणत्याहि एका शास्त्रास एकट्यानें दिसलें नसतें. त्या गांवांत १७७१ सालीं सरासरी खातें ४० एकरांचें होतें. १८१८ सालीं तें साडेसतरा एकरांवर आलें, आणि १९१४-१५ सालीं अवघें ७ एकर उरलें. १५६ खातेदारांकडे मिळून ७२९ तुकडे होते. पैकीं ४६३ एका एकराहून लहान, व ११२ तर पाव एकराहूनहि लहान, म्हणजे दहा गुंठ्यांच्या आंतले! शेतीच्या तुकड्यांविषयीं पुढें जो वाद कैक वर्षें चालला व ज्याची परिणति १९४७ च्या मुंबई इलाख्यांतील तुकडेबंदी कायद्यांत झाली, त्या वादांत हे आंकडे पुन्हा पुन्हा दिले जात. मॅनसाहेबांनीं नंतर ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगांव बुद्रुक ह्या कोरडवाहू गांवाचा अभ्यास केला, तो १९२१ सालीं प्रसिद्ध झाला. पिंपळें सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहराच्या पोटांत गेलें आहे. तेथें शेतांऐवजीं उंच इमारती उभ्या आहेत, व त्या गांवची जुनी शेती कशी होती हें जाणण्यास तें पुस्तक हेंच मोठें साधन उरलें आहे.

शाखांनीं एकमेकींशीं बोललें पाहिजे, असें आम्ही म्हणतों तें पांडित्यासाठीं नव्हे. २०१७ च्या खरिपांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करितांना विषबाधा होऊन किती शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले, हें वाचक विसरले नसतील. त्या वर्षीं कापूस डोक्याच्या वर वाढला होता, म्हणून फवारा वर धरावा लागे व औषध अंगावर पडे. दोन-तीन औषधें एकत्र करण्याची संवय पडली होती, आणि दमट उकाड्यांत अंग झांकून काम करणें कोणास सोसत नव्हतें. आतां पाहा : झाड इतकें कां वाढलें व कीड कां आटोक्यांत येईना, हें कृषीचा विद्यार्थी सांगेल. पंपाचा फवारा किती बारीक व तो वाऱ्यावर कसा उडतो, हें अभियंता सांगेल. घाम आलेल्या कातडींतून विष आंत कसें शिरतें, हें वैद्यकीचा विद्यार्थी सांगेल. आणि मजुराच्या हातांत हातमोजे कां नसतात, हें अर्थशास्त्राचा विद्यार्थी सांगेल. ह्या चौघांपैकीं कोणीहि एकटा तो प्रसंग टाळूं शकला नसता. (जातां जातां सांगून ठेवतों : बाटलीवरील त्रिकोणांत तांबडा रंग सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, आणि विषबाधेची शंका येतांच रोग्याबरोबर ती बाटली किंवा निदान तिच्यावरील चिठ्ठी दवाखान्यांत न्यावी. सर्व विषांस एकच उतारा नसतो, आणि डॉक्टरांस विष कोणतें तें कळलें तरच नेमका इलाज करितां येतो.)

सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांनीं आपलें संशोधन एका मांडवाखालीं मांडावें अशी सोय आपल्या राज्यांत आहे, हें पुष्कळ शेतकऱ्यांस ठाऊकच नसतें. २००६ सालापासून 'आविष्कार' नांवाचें आंतरविद्यापीठीय संमेलन भरतें. भाषा व ललितकला, वाणिज्य व कायदा, शुद्ध शास्त्रें, कृषि व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यक व औषधनिर्माण असे त्याचे विभाग असून, आधीं विद्यापीठाच्या पातळीवर व मग राज्याच्या पातळीवर विद्यार्थी आपले तक्ते व नमुने मांडतात. कल्पना उत्तम आहे. परंतु तक्ते पुष्कळदां इंग्रजींत, परीक्षक प्राध्यापक, आणि बक्षीस वांटून झाल्यावर तक्ता गुंडाळून खोलींत! कांद्याच्या चाळीवर ज्यानें तक्ता केला त्यानें तो एकदां लासलगांवच्या बाजार समितींत उभा करावा. तेथील शेतकरी असे प्रश्न विचारील कीं परीक्षकांसहि सुचणार नाहींत.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. पवईच्या आय. आय. टी. मध्यें १९८५ सालीं ग्रामीण भागास उपयोगी पडेल अशा तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग निघाला. तेथील विद्यार्थ्यांस गांवांत जाऊन काम करणें हा शिक्षणाचाच भाग आहे, व त्यांच्या कामांतून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची जी पद्धत सिद्ध झाली ती पुढें नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत गांवोगांव वापरली गेली. ताळेबंद म्हणजे काय? एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें चार हजार लिटर पाणी पडलें. पांचशें मिलिमीटरांचें वीस लाख लिटर झालें. हा आंकडा ऐकून कोणासहि आपण श्रीमंत आहों असें वाटेल! पण त्यांतील कांहीं वाहून जातें, कांहीं मातींत मुरून पिकाच्या मुळांशीं राहतें, कांहीं उन्हानें उडतें, व उरलेंसुरलें विहिरीस लागतें. जमीन काळी कीं मुरमाड, उतार किती, पीक कोणतें, ह्यावर प्रत्येकाचा वांटा ठरतो. म्हणजे ह्या एकाच हिशेबांत मृदाशास्त्र, भूशास्त्र, पीकशास्त्र व गणित अशीं चार शास्त्रें बसलीं. आमच्या शेजाऱ्यांस हा हिशेब आधीं मिळता तर त्यांनीं दोन एकरांऐवजीं अर्धा एकर डाळिंब लावलें असतें, असें ते स्वतःच म्हणतात.

राहिली एक गोष्ट, आणि ती आम्हांस अधिक बोचते. तीन वर्षांपूर्वीं एका महाविद्यालयाच्या मुलांनीं आमच्या शेतांतून मातीचे नमुने नेले. नमुने घेण्याची रीत त्यांनीं बिनचूक पाळली : बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळली, नागमोडी चालत ठिकठिकाणीं वीतभर खोल खड्डे घेतले, सर्व माती एकत्र कालवून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, असें करीत अर्धा किलो उरली ती पिशवींत भरली. आम्हीं चहा दिला, मुलांनीं आभार मानले. त्या मातीचा निकाल आम्हांस आजतागायत मिळालेला नाहीं. विद्यार्थ्याचा निबंध मात्र मंजूर झाला असेल, यांत शंका नाहीं. मुलांस आम्ही दोष देत नाहीं. परीक्षा झाली कीं तीं विखुरतात. परंतु माती आमची होती.

म्हणून गेल्या मासिक सभेंत आमच्या गांवच्या मंडळींनीं ठरविलें, कीं पाहणीस येणाऱ्या कोणत्याहि शाखेच्या तुकडीस मोकळ्या मनानें घरांत घ्यावें, बैलजोडी, विहीर, हिशेबाची वही सर्व दाखवावें. मात्र जातांना त्यांनीं आपल्या नोंदींची एक मराठी प्रत गांवांत ठेवावी, व येतांना आधींच्या तुकडीनें ठेविलेली प्रत वाचावी. गुरुजनांनीं ह्यास हरकत घेतली तर ती आम्ही ऐकून घेऊं. आजपर्यंत कोणी घेतलेली नाहीं. चावडींतील एक लोखंडी कपाट त्यासाठीं रिकामें केलें आहे. सध्यां त्यांत दोन वह्या आहेत : एक विहिरींची, झेरॉक्स करून आणलेली व शाळेंतील बाईंनीं मराठींत उतरून दिलेली, आणि दुसरी ह्या वर्षींच्या कृषिकन्यांनीं लिहिलेली, तिच्यांत शिवारांतील पिकें व किडी गटवार मांडल्या आहेत. किल्ली ग्रामसेवकांकडे असते, व ज्या सभासदांस पाहावयाचें असेल त्यांनीं सोमवारीं, बाजाराचा दिवस वगळून, केव्हांहि यावें.