रेडिओ स्टुडिओत ड्रोन : समज, गैरसमज

मार्च 2021 मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातील 'ब्रायंट लेक बोल' या बोलिंग अ‍ॅलीची एक छोटी फिल्म जगभर पाहिली गेली. जे क्रिस्टेन्सन यांनी उडवलेला चिमुकला ड्रोन रस्त्यावरून दारातून आत शिरतो, माणसांच्या मधून वाट काढतो आणि पिना उभ्या करणाऱ्या यंत्रांच्या मागच्या अडचणीच्या जागेतही घुसतो. सगळे एका सलग शॉटमध्ये. तेव्हापासून कॉलेज, हॉटेल, कारखाना, ज्याला त्याला आपल्या वास्तूची तशी फिल्म हवी असते. रेडिओ केंद्रांनाही तो मोह पडतो.

त्या फिल्ममध्ये लोकांच्या गप्पा ऐकू येतात, चेंडू पिनांवर आदळतो. त्यामुळे ड्रोन फिरत असताना हे आवाजही जागच्या जागी टिपले गेले, असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते नंतर जोडलेले आहेत. शूटिंगच्या वेळी ऐकू येण्यासारखे होते ते पंख्यांचे कर्कश भिरभिरणे. ड्रोन जितका लहान तितका शांत, हाही असाच एक भ्रम. लहान पंख्यांना तेवढाच भार उचलायला जास्त वेगाने फिरावे लागते आणि त्यांचा आवाज अधिक चिरका होतो. युरोपीय संघाने 900 ग्रॅमपेक्षा हलक्या सी-1 वर्गाच्या ड्रोनसाठी ध्वनिशक्तीची मर्यादा 85 डेसिबल ठेवून ती टप्प्याटप्प्याने 81 वर आणायचे ठरवले. म्हणजे कडक केलेला नियमही 81 डेसिबलपर्यंत मोकळीक देतो.

याउलट रेडिओ स्टुडिओत शांतता मुद्दाम बांधून काढलेली असते. लंडनमध्ये 1932 साली बीबीसीचे ब्रॉडकास्टिंग हाउस उभे राहिले, तेव्हा स्टुडिओ इमारतीच्या मधल्या मनोऱ्यात घेतले आणि त्यांच्याभोवती कचेऱ्यांचे कडे ठेवले, ते रस्त्याचा गोंगाट आत येऊ नये म्हणून. अशा खोलीत निवेदक ऑन एअर असताना ड्रोन उडवणे म्हणजे त्या सगळ्या खटाटोपावर पाणी ओतणे.

वाऱ्याकडे तर कुणाचे लक्षच जात नाही. पंख्यांच्या झोताने टेबलावरचे स्क्रिप्टचे कागद उडतात, हे निदान दिसते तरी. जुन्या केंद्रांत अजूनही जपलेल्या रिबन माईकचे नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याच्या आत चुंबकाच्या दोन टोकांमध्ये अ‍ॅल्युमिनियमची काही मायक्रॉन जाडीची पन्हळी पट्टी सैलसर ताणलेली असते. जोराचा झोत बसला की ती ओढली जाते, माईकचा सूर बिघडतो आणि पट्टी बदलून घ्यावी लागते. ड्रोन आणण्याआधी असे माईक काढून दुसऱ्या खोलीत ठेवलेलेच बरे.

'आजचे ड्रोन आपोआप स्थिर राहतात' हे उघड्या मैदानावर बऱ्याच अंशी खरे आहे. छताखाली जीपीएसचा भरवसा नसतो. मग ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्याने जमिनीवरची नक्षी पाहून स्वतःला सावरतो. स्टुडिओत मंद उजेड आणि एकरंगी गालिचा असतो, तिथे त्याला धरायला काही सापडत नाही. कंट्रोल रूम आणि स्टुडिओ यांच्यामधली दुहेरी काच तर अडथळा ओळखणाऱ्या सेन्सरला अनेकदा दिसतच नाही. पंख्यांभोवती कडी असलेले, घरात उडवायचे ड्रोन पायलटच्या हातावर चालतात. म्हणून माणूस सरावाचा हवा.

ड्रोनच्या रिमोटमुळे प्रसारण बिघडेल, ही धास्ती मात्र सोडून द्यावी. रिमोट बहुधा 2.4 किंवा 5.8 गिगाहर्ट्झवर चालतो, एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो. धोका असतो तो प्रसारणाच्या मनोऱ्यापाशी. मध्यम लहरींच्या केंद्रात बहुतेक वेळा अख्खा मनोरा हाच अँटेना असतो, आणि त्याला धरून ठेवणाऱ्या तारा ड्रोनच्या कॅमेऱ्यात शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाहीत.

'छोट्या ड्रोनला कसली आलीय परवानगी' हेही अर्धसत्यच. भारताच्या 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे 2 किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनसाठी ही सूट फक्त बिगरव्यावसायिक वापरापुरती आहे. बाहेर उडवायचे तर जागेचा प्रश्न वेगळाच. आकाशवाणीचे मुंबई केंद्र मंत्रालयाच्या परिसरात आहे, आणि मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात.

मुळात हलते दृश्य हवे म्हणजे ड्रोनच हवा, असे थोडेच आहे? परदेशातल्या अनेक केंद्रांत भिंतीवरचे रिमोटने वळणारे कॅमेरे मिक्सरला जोडलेले असतात. ज्याचा माईक चालू, त्याच्याकडे चित्र आपोआप वळते. कॅमेरा सरकवणारा स्लायडर किंवा तो स्थिर धरणारा गिंबल हेही काम चोख करतात. आणि अमेरिकेतल्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या 'टायनी डेस्क' मैफली 2008 पासून एका ऑफिसच्या टेबलामागे, कॅमेऱ्याची फारशी धावपळ न करता होतात आणि जगभर पाहिल्या जातात.

तरीही ड्रोनचा तो एक शॉट हवाच असेल, तर कॉलेजच्या आणि सामुदायिक केंद्रांनी दिवसाचे प्रसारण संपल्यानंतरची वेळ ठरवावी. कागद आवरून ठेवावेत, काचेवर कागदी पट्ट्या लावून आधी एक तालीम करावी. निवेदकाचा आवाज मात्र त्याच खोलीत, त्याच माईकवर, ड्रोन खाली उतरल्यावर वेगळा मुद्रित करावा.