घरचा संगणक (भाग ७) : आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

मागच्या भागात हार्डडिस्क आणि एसएसडी यांच्यातला फरक पाहिला. आज अशी तक्रार घेऊ, जिच्यापायी नको तिथे पैसे जातात : लॅपटॉप तापतो, अडखळतो आणि ऐन कामात बंद पडतो. मालक म्हणतो, रॅम कमी पडतेय. रॅम वाढवून आणतो. आठ दिवसांनी पुन्हा तेच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

पुण्याजवळच्या खडकवासला, किरकटवाडी, नांदेड फाटा या पट्ट्यात खोल्या करून राहणाऱ्या मुलांचे लॅपटॉप आठवा. मे महिन्याची दुपार, गच्चीखालची खोली, सिंहगड रस्त्याची धूळ, आणि यंत्र गादीवर. बहुतेक लॅपटॉप हवा खालच्या जाळीतून आत घेतात. गादीने ती जाळी बंद झाली, की पंखा कितीही ओरडला तरी उपयोग शून्य.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहा. बऱ्याच लॅपटॉपमधल्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. तिथे पोहोचताच प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो. तरीही ताप वाढलाच, तर जिवावर बेतू नये म्हणून यंत्र एकदम बंद होतं. ना विंडोजचा बिघाड सांगणारा पडदा, ना कसला निरोप. म्हणजे मंदपणा आणि बंद पडणं, दोन्ही उष्णतेने होऊ शकतं. आणि रॅम भरल्यानेही यंत्र मंदावतं, कारण विंडोज मग रॅममधला पसारा डिस्कवर नेऊन ठेवू लागतं. रॅम भरणं वेगळं आणि रॅम बिघडणं वेगळं, हेही लक्षात ठेवा. बिघडलेली रॅम थंडगार यंत्रातही दगा देते, तो बिघाडाचा पडदा आणते, आणि त्यावरचा संकेत बहुधा दर वेळी निराळा असतो.

खडकवासल्यातच या प्रकरणावरचा उपाय शिकवणारी संस्था आहे. केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राची सुरुवात १९१६ सालची. धरणांच्या, बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून पाण्याचं वागणं तिथे तपासतात. अशा प्रयोगाचा साधा नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. दुरुस्तीच्या दुकानात नेमकं उलटं घडतं. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, रॅम टाकली, विंडोज नव्याने घातलं, सगळं एका दमात. आणि लॅपटॉप सुधारला तरी कशाने सुधारला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बिल मात्र तिन्ही कामांचं.

म्हणून आधी उष्णता. लॅपटॉप टेबलावर ठेवा, मागची कड एखाद्या पुस्तकाने उचला आणि नेहमीचंच जड काम चालू करा. एवढ्यानेच फरक पडला, तर रॅमचा विचार तूर्त बाजूला. नेमका आकडा हवा असेल, तर एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम प्रोसेसरचं तापमान दाखवतो. काहीही काम नसताना ऐंशीच्या घरात असेल, तर पंख्यात धूळ तरी आहे किंवा पेस्ट वाळली तरी आहे. कधीकधी मागे लपून चाललेला एखादा प्रोग्रॅमही प्रोसेसरला दमवत असतो, तेवढं टास्क मॅनेजरमध्ये बघून घ्या.

इथे जरा थांबू, कारण लॅपटॉपच्या आतली रचना मला फार आवडते. प्रोसेसरवरून पंख्याकडे जाणारी चपटी तांब्याची नळी भरीव नसते. आत बहुधा थोडंसं पाणी असतं आणि हवा काढून घेतलेली असते. दाब कमी, म्हणून पाणी कमी तापमानालाच उकळतं. वाफ थंड टोकाकडे पळते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून झिरपत परत येते. ना मोटर, ना वीज. पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ महासंगणकही द्रवानेच थंड ठेवला जातो. तुमच्या मांडीवरच्या यंत्रात उष्णता वाहून नेण्याचं काम थेंबभर पाणी करतं. मात्र या नळीच्या टोकाला जे पातळ पत्रे असतात, त्यांच्या फटींत धुळीचा नमदा बसला, की उष्णतेला बाहेरची वाट उरत नाही. हवेच्या फवाऱ्याने ती धूळ काढताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा. ते भन्नाट फिरलं, तर पंखा कामातून जातो.

उष्णता निर्दोष ठरली, की मग रॅम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघा. रोजच्या कामात तो नव्वद टक्क्यांच्या वर रेंगाळत असेल, तर रॅम अपुरी आहे, बिघडलेली नाही. विंडोज ११ साठी कागदावरची किमान अट ४ जीबी आहे. प्रत्यक्षात ८ च्या खाली ब्राउझरच जीव काढतो. विकत घेण्याआधी दोन गोष्टी बघा : जागा डीडीआर४ ची आहे की डीडीआर५ ची, कारण एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही, आणि रॅम मुळात काढता येते का. अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच झाळलेली असते.

बिघाडाचा संशय असेल, तर स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधा. त्याहून कडक परीक्षा मेमटेस्ट८६ ची. पेन ड्राइव्हवरून चालू करून रात्रभर सोडून द्या. एक जरी चूक दिसली तरी ती रॅम नापास. दोन पट्ट्या असतील, तर एकेक काढून तपासा, गुन्हेगार सापडतो. ही परीक्षा घेण्याआधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवा आणि उतरवलेल्या प्रती उघडूनही पाहा, कारण बिघडलेली रॅम फायली गुपचूप नासवते.

एका बाबतीत मात्र घरी प्रयोग नको. टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, यंत्र बंद करा, तिला टोचू-दाबू नका, आणि जाणकाराकडून काढून घेतलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्या.