क्रिस्पी चिकन खाताय? बोर्ड राहू द्या, आधी कढई बघा!

रहिमतपूर : क्रिस्पी चिकन खायला आता पुणे-कोल्हापूर गाठायची गरज उरलेली नाही. चायनीजच्या गाड्यावर लॉलीपॉप आणि चिकन ६५ आधीपासून होतंच. आता तालुक्यांच्या छोट्या बाजारपेठांतही लाल बोर्ड, काचेचं कपाट आणि कागदी बादली घेऊन 'फ्राईड चिकन'ची दुकानं दिसू लागली आहेत. शहरातून आलेली पोरं म्हणतात, केएफसीची सर नाही. घरातली वडीलधारी म्हणतात, पैसे चिकनचे दिले अन् खाल्लं पीठ. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण खरा फरक बोर्डात नसून कढईत आहे.

आधी मोठ्या कंपन्यांचं बघू. केएफसीचे संस्थापक हारलँड सँडर्स अमेरिकेतल्या केंटकी राज्यात हायवेवर जेवण विकायचे. कढईत चिकन तळायला फार वेळ लागतो म्हणून त्यांनी दाबाखाली तळायची पद्धत बसवली. भांडं बंद, आत वाफेचा दाब. त्यामुळे तुकडा लवकर शिजतो आणि आतलं पाणी उडून जात नाही. मांस ओलसर लागतं ते त्यामुळे. ही कंपनी १९९५ साली बंगळुरूत आली. दुसरी अमेरिकन साखळी पोपाईज २०२२ मध्ये, तीही बंगळुरूतूनच सुरू झाली. तिचा भर तिखट मसाल्यात मुरवण्यावर आणि जाड, खडबडीत आवरणावर आहे.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. मोबाईलवर व्हिडिओ बघून घरच्या कुकरात तेल भरून चिकन तळायचा प्रयोग अजिबात करू नका. आपला कुकर पाण्याच्या वाफेसाठी बनवलेला असतो. उकळतं तेल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त गरम असतं. रबर गेलं किंवा झाकण उडालं तर ते तेल थेट अंगावर येतं. कंपन्यांचं यंत्र वेगळं, त्याची कुलूपं वेगळी.

साखळी दुकानाची जमेची बाजू म्हणजे सारखेपणा. तुकड्याचा आकार ठरलेला, तेलाचं तापमान यंत्रावर, तळायची वेळ घड्याळावर. पण तिथलं चिकन कारखान्यात कापून, थंड करून गाडीने आलेलं असतं आणि तळल्यावर गरम कपाटात काही वेळ थांबतं. गर्दी नसलेल्या दुपारी गेलात तर कपाटातलाच तुकडा हातात पडू शकतो. 'ताजं तळून द्या, थांबतो' असं म्हणायला लाजू नये.

गावातल्या दुकानदाराकडे ताजेपणाची संधी जास्त. सकाळी कापलेला ब्रॉयलर, शेजारच्या शेतातलं आलं-लसूण. सातारी आल्याला लांबून गिऱ्हाईक येतं, ते इथे दारातच मिळतं. मिठात आणि आलं-लसणात चिकन चार-पाच तास, तेही फ्रीजमध्ये, मुरलं तर चव आतपर्यंत जाते. नाहीतर मसाला नुसत्या पिठात आणि आत फिक्कं मांस. मग पिठाचा मुद्दा. एक तुकडा मधोमध तोडून बघा. आवरण मांसाला धरून, पातळ असेल तर काम चांगलं. आवरण सुटून टोपीसारखं हातात आलं आणि आत बोटभर मांस निघालं, तर पैसे मैदा-कॉर्नफ्लोअरला गेले.

आता तेल. सगळ्यात मोठी चोरी इथेच होते आणि ती जिभेला लगेच कळत नाही. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात शरीराला घातक घटक साठत जातात. त्यांना 'टोटल पोलर कंपाउंड्स' म्हणतात. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हणजे एफएसएसएआयने याची मर्यादा २५ टक्के ठरवली असून १ जुलै २०१८ पासून ती लागू आहे. त्यापुढचं तेल वापरता येत नाही. हे मोजायचं यंत्र गिऱ्हाईकाच्या खिशात नसतं, पण डोळे आणि नाक असतं. तळताना फेस येऊन तो बसत नसेल, मंद आचेवरही धूर निघत असेल, तेल काकवीसारखं घट्ट झालं असेल किंवा खवट वास येत असेल, तर त्या दुकानातून मागे फिरा. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. मसाला लावलेल्या चिकनने तेल लवकर काळवंडतं, त्यामुळे काळं तेल दरवेळी शिळंच असतं असं नाही. जुन्या तेलात रोज थोडं नवं ओतून कढई 'ताजी' दाखवणं ही नेहमीची युक्ती. नवं तेलही त्या जुन्यासोबत लवकर खराब होतं.

दुकानदाराला सहज विचारा, 'उरलेलं तेल कुठं देता?' वापरलेलं खाद्यतेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजना एफएसएसएआयने २०१८ मध्येच आणली आहे. चांगला दुकानदार या प्रश्नाला अडखळत नाही.

कच्चेपणाचा धोका जाड तुकड्यात, म्हणजे लेगमध्ये. तेल फार कडक असलं की बाहेरून लगेच तांबूस आणि हाडाजवळ कच्चं. चिकनमध्ये साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस उष्णता पोहोचली की ते मरतात. हाडाजवळ थोडा लालसरपणा दिसला की लोक घाबरतात. पण ब्रॉयलर कोवळा असतो, हाडातला रंग बाहेर झिरपतो, त्यामुळे पूर्ण शिजलेल्या तुकड्यातही तो दिसू शकतो. मांस रबरासारखं चिकट आहे का, दाबल्यावर रस गुलाबी येतो का, हे बघा. तसं असेल तर तुकडा परत करा. गाड्यावर अर्धवट तळून ढीग लावून ठेवलेलं चिकन हा आणखी एक धोका. गिऱ्हाईक आलं की पुन्हा बुडवून दिलं जातं, पण मधले दोन-चार तास ते उघड्यावरच असतं.

भडक लाल रंगाला भुलू नका. मांसाच्या अशा पदार्थांत कृत्रिम रंग घालायला परवानगीच नाही. शेजारच्या कर्नाटकात २०२४ मध्ये कबाबचे ३९ नमुने तपासले, त्यातले ८ कृत्रिम रंगामुळे असुरक्षित निघाले आणि सरकारने तिथे बंदी घातली. ब्याडगी मिरचीचा लाल रंग तळल्यावर तपकिरीकडे झुकतो. बोटांना लागून धुतल्यावरही न जाणारा लाल मिरचीचा नसतो.

सोबतच्या पांढऱ्या मेयोनीजचंही तसंच. कच्च्या अंड्याचं मेयोनीज उन्हात तासन्‌तास राहिलं की पोट बिघडणारच. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली. लहान मुलांना द्यायचं असेल तर बिनअंड्याचं, बंद पाकिटातलं मागा. आणि गरम तुकडे वर्तमानपत्राच्या कागदात घेऊ नका, शाई तेलात उतरते.

दुकान छोटं असो की मोठं, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर भिंतीवर असायला हवा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापणं बंधनकारक आहे. तो खरा आहे का, हे 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर टाकून बघता येतं. तक्रारही तिथेच करता येते, किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री नंबरवर. तक्रार करताना बिल, दुकानाचा फोटो आणि खाल्ल्याची वेळ जवळ ठेवा. उलट्या-जुलाब सुरू झाले असतील तर आधी दवाखाना गाठा आणि काय खाल्लं, कधी खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.