नत्राचे चक्र आणि पिकाचा बेवड

ज्वारीची खालची पाने पिवळी पडून वाढ खुंटली, की पिकास नत्र कमी पडले असे आपण म्हणतो. परंतु त्याच शेताच्या प्रत्येक एकरावरील हवेत ३० हजार टनांहून अधिक नत्र असते. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचाच आहे. मग पिकाची उपासमार का व्हावी? कारण असे की, हवेतील नत्राचे दोन-दोन अणू एकमेकांस घट्ट जखडलेले असतात व ते विलग करण्याचे सामर्थ्य पिकात नसते.

हे अणू विलग होण्याचे मार्ग थोडेच आहेत. वीज चमकते तेव्हा थोडासा नत्र प्राणवायूशी संयोग पावून पावसाबरोबर जमिनीत येतो. दुसरा मार्ग जिवाणूंचा. हरभरा, तूर, भुईमूग, ताग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पिकास देतात व मोबदल्यात पिकाकडून साखर घेतात. हेल्रीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये हे प्रयोगाने दाखविले. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे मात्र आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. तिसरा मार्ग कारखान्याचा. फ्रिट्झ हाबर यांच्या पद्धतीने १९१३ पासून जर्मनीत हवेतील नत्रापासून अमोनिया मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागला. युरिया याच अमोनियापासून बनतो. त्याच्या ४५ किलोंच्या गोणीत २० किलोंहून थोडे अधिक नत्र असते.

शेणखत, पालापाचोळा व मेलेली मुळे जमिनीत कुजतात, तेव्हा त्यांतील नत्रापासून प्रथम अमोनियम तयार होते. पुढे दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. पीक ही दोन्ही रूपे शोषून घेते. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते; नायट्रेट मात्र पाण्याबरोबर सहज वाहून जाते.

नत्र शेतात येण्याच्या वाटा थोड्या, परंतु जाण्याच्या वाटा अनेक आहेत. युरिया ओलसर जमिनीवर उघडा टाकला, तर त्याचा काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. चुनखडीच्या जमिनीत ही हानी अधिक होते. पाणी साचून जमिनीतील हवा कोंडली, म्हणजे काही जिवाणू नायट्रेटातील प्राणवायू वापरतात व नत्र पुन्हा हवेत सोडतात. अतिपावसात व मोकाट पाण्याने नायट्रेट खाली झिरपून विहिरीत उतरते. एक लिटर पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक आहे. असे पाणी वरच्या दुधात मिसळून तान्ह्या मुलास दिल्यास त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटू शकते. पाणी उकळल्यानेही नायट्रेट जात नाही. सबब, शेतातून वाहून गेलेले नत्र ही केवळ पैशाची हानी नव्हे.

यावर उपाय शेतकऱ्याच्या हाती आहेत. युरिया एकदम न देता पिकाच्या गरजेनुसार हप्त्यांनी द्यावा व मातीत मिसळावा. शेतात पाणी साचू देऊ नये. देशात तयार होणाऱ्या युरियाला २०१५ पासून निंबोळी तेलाचा लेप देण्यात येतो. त्यामुळे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते. तरीही मात्रा माती परीक्षणावरूनच ठरवावी. तृणधान्यानंतर कडधान्य घ्यावे. हरभऱ्याच्या दाण्यांबरोबर बरेच नत्र शेताबाहेर जाते. जे मुळांत व गळलेल्या पानांत राहते तेच पुढील पिकाच्या उपयोगी पडते. म्हणून काढणीच्या वेळी झाडे उपटण्याऐवजी विळ्याने कापावीत.

विद्यार्थ्यांनी फुलोऱ्यात आलेले हरभऱ्याचे एक झाड कुदळीने अलगद खणून काढावे, मुळे पाण्यात धुवावीत व एक गाठ नखाने फोडून पाहावी. आतील भाग गुलाबी-तांबडा असेल, तर जिवाणू काम करीत आहेत असे समजावे. गाठी नसतील अथवा आतून पांढरट असतील, तर पुढील हंगामात पेरणीपूर्वी बियाण्यास हरभऱ्यासाठी असलेले जिवाणू संवर्धक चोळावे आणि फरक स्वतः नोंदवून ठेवावा.