काळपुळीचा बीजाणू आणि जैविक दहशतीपासून संरक्षण

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याजवळ ग्रुइनार्ड नावाचे एक लहानसे बेट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तेथे मेंढ्यांवर काळपुळीच्या जंतूंचे प्रयोग केले. प्रयोग लवकरच आटोपले. तथापि पुढे जवळजवळ अर्धशतक त्या बेटावर पाऊल ठेवण्यास सामान्य माणसाला मनाई होती. १९८६ साली सुमारे २८० टन फॉर्माल्डिहाइड समुद्राच्या पाण्यात मिसळून तेथील जमिनीवर शिंपडण्यात आले आणि १९९० साली बेट निर्धोक झाल्याचे जाहीर झाले. इतका चिवटपणा या जंतूच्या अंगी कोठून येतो?

काळपुळी अथवा अँथ्रॅक्स हा मुख्यतः गुराढोरांचा व शेळ्यामेंढ्यांचा रोग होय. त्याचा जंतू दंडाकृती असून रक्तात झपाट्याने वाढतो. शरीराबाहेर स्थिती प्रतिकूल झाली, की तो कठीण कवचाच्या बीजाणूचे रूप घेतो. बीजाणू खात नाही, वाढत नाही. मातीत वर्षानुवर्षे निद्रिस्त पडून राहतो आणि पुन्हा एखाद्या प्राण्याच्या शरीरात शिरताच जागा होतो. या जंतूचे हे स्थित्यंतर रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्याने १८७६ साली उलगडून दाखविले. तेव्हा प्रश्न गुरांचा होता. विसाव्या शतकात तो माणसाच्या दुष्ट हेतूंचाही झाला.

१९७९ साली सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहरात लष्करी केंद्रातून हे बीजाणू हवेत निसटले आणि किमान ६६ माणसे दगावली. दूषित मांसाचे कारण पुढे करण्यात आले. खरे कारण १९९२ साली मान्य झाले. रोग्यांची ठिकाणे नकाशावर मांडली तेव्हा बहुतेक सारे वाऱ्याच्या दिशेने गेलेल्या एका अरुंद पट्ट्यात सापडले. त्याहून बोधप्रद गोष्ट ही, की काही जण त्या दिवसानंतर कित्येक आठवड्यांनी आजारी पडले. बीजाणू फुप्फुसात इतका काळ निद्रिस्त राहू शकतो.

२००१ साली अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून बीजाणू धाडण्यात आले, तेव्हा हे ज्ञान उपयोगी पडले. २२ जणांना रोग जडला, ५ जण मृत्यू पावले. परंतु धोक्यात असलेल्या सुमारे १०,००० लोकांना प्रतिजैविके देण्यात आली, आणि तीही ६० दिवस घेण्यास सांगण्यात आले. इतके दिवस कशासाठी? प्रतिजैविक वाढणाऱ्या जंतूस मारते, निद्रिस्त बीजाणूस नव्हे. यास्तव बीजाणू जागा होईल त्या घटकेस औषध शरीरात हजर असावे लागते. रोग बळावल्यावर मात्र केवळ जंतू मारून भागत नाही, कारण तोवर त्याचे विष रक्तात पसरलेले असते. त्यासाठी विषावरील प्रतिविष वेगळे द्यावे लागते.

सुदैवाने फुप्फुसाची काळपुळी एका माणसापासून दुसऱ्यास जडत नाही, म्हणून रोग्यांना कोंडून ठेवण्याचे कारण नसते. देवीच्या रोगाची गोष्ट याच्या अगदी उलट. तो माणसामाणसांतूनच पसरे. म्हणूनच रोग्याच्या निकटच्या साऱ्यांना लस टोचून त्याची वाट अडविता आली आणि १९८० साली त्याचे उच्चाटन जाहीर झाले. संरक्षणाचा एकच उपाय सर्व जंतूंना लागू पडेल, ही समजूत यामुळेच फोल ठरते.

लशीचे रहस्यही जंतूच्या रचनेतच सापडले. रक्तात वाढताना तो स्वतःभोवती एक आवरण तयार करतो आणि त्याच्या आड शरीराच्या रक्षक पेशींपासून बचावतो. दक्षिण आफ्रिकेत माक्स स्टर्न यांनी १९३०च्या दशकात हे आवरण गमावलेला वाण शोधला. त्यापासून केलेली लस गुरांना आजही टोचली जाते.

पाकिटांतील जंतू कोठून आला, याचा शोध घेताना त्याच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी झाली. तो ‘एम्स’ नावाच्या, प्रयोगशाळांत जपलेल्या वाणाचा असल्याचे दिसले आणि त्यातील सूक्ष्म फरकांवरून तपास एका विशिष्ट काचपात्राकडे वळला. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०११ साली हा पुरावा तपासला, तेव्हा केवळ शास्त्रीय कसोट्यांवरून उगमाविषयी निर्णायक विधान करता येत नाही, असा अभिप्राय दिला.